वीज गेलेली असताना घर तपासून देणारी सेवा

इंदूरच्या लोकमान्य नगरातील आमच्या घराच्या गच्चीवर २०२४ च्या दिवाळीनंतर सौर पॅनेल बसली आणि त्याच आठवड्यात जिन्याखाली बॅटरी आली. तीन महिन्यांनी, फेब्रुवारीत, हा सगळा संच मी पदरचे साडेचार हजार रुपये मोजून एका स्वतंत्र तपासनिसाकडून तपासून घेतला. हे परीक्षण त्या तपासणीच्या सेवेचे आहे. पॅनेल किती वीज देतात आणि बिल किती उतरले याविषयी गल्लोगल्ली इतके बोलले जाते की त्यात मी भर घालण्याचे कारण नाही. संच बसवणाऱ्या ठेकेदाराचे नाव देत नाही, कारण दोष दाखवल्यावर त्याने ते बहुतांशी दुरुस्त करून दिले. तपासनिसांचे नाव त्यांच्याच सांगण्यावरून गाळले आहे; पीथमपूरच्या एका कारखान्यात विद्युत विभाग सांभाळून निवृत्त झालेले हे गृहस्थ एकटेच काम करतात आणि महिन्याला आठ-दहा घरांपलीकडे त्यांना झेपत नाही.

संच हल्ली मध्यमवर्गीय घरांत दिसतो तसाच आहे. प्रत्येकी ५४५ वॅटची सहा पॅनेल, पॅनेल, बॅटरी आणि बाहेरची वीज ही तिन्ही हाताळणारा तीन किलोवॅटचा हायब्रिड इन्व्हर्टर आणि ५१.२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी, म्हणजे पूर्ण भरली की साधारण पाच युनिट वीज. पीएम सूर्यघर योजनेतून ७८,००० रुपये अनुदान मिळाले; ते पॅनेल आणि इन्व्हर्टर यांच्या क्षमतेवर ठरते, बॅटरीचा खर्च ज्याचा त्याने करायचा असतो. फेब्रुवारी २०२४ मधील नियमदुरुस्तीमुळे दहा किलोवॅटपर्यंतच्या संचांचे अर्ज तांत्रिक व्यवहार्यतेच्या अभ्यासाविना मंजूर मानले जातात, आणि संच सुरू करून देण्याची मुदत तीस दिवसांवरून पंधरा दिवसांवर आली आहे. ग्राहक म्हणून मला या वेगाचा लाभच झाला. मात्र घराच्या आत काय कशाला जोडले आहे हे पाहण्याचे काम त्यामुळे बसवणाऱ्याच्या सचोटीवर आणि घरमालकाच्या जागरूकतेवर येऊन पडते, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले नव्हते. मीटर बदलायला आलेल्या दोघांनी दोन्ही दिशांची नोंद घेणारे मीटर लावले, सील केले, मुख्य पुरवठा बंद केल्यावर इन्व्हर्टर बाहेर वीज सोडत नाही एवढे पाहिले आणि ते गेले. त्यांचे काम मीटरपर्यंतचे होते व ते त्यांनी चोख केले.

वडिलांच्या काळी हा हिशेब सोपा होता. मीटरच्या पलीकडचे सारे एमपीईबीचे, म्हणजे मध्य प्रदेश विद्युत मंडळाचे, अलीकडचे आपले, आणि अलीकडे काही बिघडले तर मीटरशेजारचा मेन स्विच खाली ओढला की घर निर्जीव होत असे. विद्युत मंडळाच्या जागी वितरण कंपन्या आल्या तरी इथली जुनी माणसे अजून ‘एमपीईबीवाले आले’ असेच म्हणतात, आणि मेन स्विचवरचा त्यांचा विश्वासही तितकाच जुना आहे. आता तो स्विच खाली ओढला तरी घरात दोन ठिकाणी वीज शिल्लक राहते: ऊन असेपर्यंत गच्चीवर, आणि बॅटरीत रात्रंदिवस.

तपासणीचे निमित्त मात्र पंचवीस रुपयांच्या टेस्टरने दिले. जानेवारीत एका संध्याकाळी लाइट गेली असताना आईच्या खोलीतील हीटिंग पॅड चालेना, म्हणून मी प्लगमध्ये टेस्टर घालून पाहिला, तर तो दोन्ही भोकांत पेटला. पूर्ण तेजाने नव्हे, पण स्पष्ट दिसेल इतका. लाइट आल्यावर पुन्हा पाहिले तेव्हा तो नेहमीप्रमाणे एकाच भोकात पेटत होता. ठेकेदाराकडच्या मुलाला फोन केला, तर तो म्हणाला, “काका, इन्व्हर्टरवर असंच दिसतं, काळजी करू नका.” पॅडमधील बिघाड वेगळाच निघाला, परंतु दोन भोकांतल्या त्या लुकलुकीचे समाधानकारक कारण मला कोणी सांगेना. महाराणी रोडवरच्या एका ओळखीच्या विद्युत दुकानदाराने अखेर या तपासनिसांचा क्रमांक दिला.

वेळ मिळायला तीन आठवडे लागले. पॅनेलच्या चाचण्यांना चांगले ऊन लागते म्हणून ते अकरा ते एकच्या दरम्यानच येतात, आणि आले ते साडेबाराला. उशिराबद्दल दिलगिरी एका वाक्यात आटोपून त्यांनी पहिल्यांदा संचाचा जोडणी-आराखडा मागितला. तो आमच्याकडे नव्हता. ठेकेदाराने दिलेल्या फायलीत हमीपत्रे होती, अनुदानाची पावती होती, गच्चीवर हसत उभ्या असलेल्या आमच्या कुटुंबाचा फोटोही होता, पण कोणती तार कोठून कोठे जाते हे सांगणारा कागद नव्हता. त्यांनी तासभर घरभर फिरून तो स्वतः काढला. या एका कागदासाठी निम्मे शुल्क द्यायलाही माझी हरकत नसती, कारण उद्या घरात आग लागली आणि १०१ वर फोन केला, तर येणाऱ्या माणसांना मी तोच दाखवणार आहे.

गच्चीवरच्या तपासणीचे सगळे टप्पे सांगत नाही. तारांचे इन्सुलेशन मेगरने ५०० व्होल्ट लावून मोजले. आमच्या व्होल्टेजच्या संचाला किमान एक मेगाओहम लागतो, आमचा चाळीसच्या वर भरला. सहा पॅनेल एकामागोमाग जोडलेली असल्यामुळे भर दुपारी दोन टोकांमधले व्होल्टेज २७९ आले, आणि पॅनेल थंड असताना, हिवाळ्यातील सकाळच्या उन्हात, ते तीनशेच्या वर जाते. इथे त्यांनी विचारले, “धोक्याची पाटी कुठे आहे?” अडीचशे व्होल्टच्या वरच्या कोणत्याही विद्युत मांडणीवर कवटी आणि हाडांचे चिन्ह असलेली, स्थानिक भाषेतील पाटी ठळक जागी कायमची लावली पाहिजे, हा नियम आपण उपकेंद्राच्या जाळीवरच पाहिलेला असतो, आपल्या गच्चीवरील तार त्याच नियमाखाली येते हे माझ्या गावीही नव्हते. त्यांनी पिशवीतून हिंदी पाट्या काढून त्या स्वतः डकवल्या आणि मीटरच्या पेटीवर आणखी एक चिकटवली, की या घराला दोन बाजूंनी पुरवठा आहे.

खरा दोष उष्णता दाखवणाऱ्या कॅमेऱ्यात सापडला. पॅनेलच्या तारा एकमेकींत खुपसून जोडायची जी टोके असतात, ज्यांना सगळे एमसी-फोर म्हणतात, त्यांतील एक सोडून बाकी सर्व ४३ अंशांच्या आसपास होती आणि ते एक ६८ अंशांवर होते. नर आणि मादी टोके दोन वेगळ्या कंपन्यांची निघाली. ती एकमेकांत बसतात, टक् असा आवाजही येतो, परंतु आतल्या धातूचे माप आणि मुलामा यांत सूक्ष्म फरक असल्यामुळे स्पर्श कमी जागी होतो, तेवढ्या जागी विरोध वाढतो आणि वर्षानुवर्षे रोज दुपारी ती जागा तापत राहते. घरातील साध्या प्लगमध्येही हे घडते, पण तेथे एक सवलत असते. घरातील वीज सेकंदाला पन्नास आवर्तने करते, म्हणजे सेकंदात शंभर वेळा शून्यावर येते, आणि सांधा उघडताना पडलेली ठिणगी बहुधा त्या शून्यावर विझते. पॅनेलचा प्रवाह एकाच दिशेने सलग वाहतो. त्यात शून्याचा क्षण नसल्यामुळे एकदा पडलेली ठिणगी दोन टोकांच्या मध्ये ताणलेल्या ज्योतीसारखी जळत राहते. म्हणूनच चालू भारावर ही टोके ओढून काढायची नसतात, आधी पॅनेलचा प्रवाह तोडणारा विलगक स्विच बंद करायचा असतो. आमचा विलगक पाण्याच्या टाकीमागे होता, जेथे हात घालायला मला गुडघ्यांवर बसावे लागले.

अर्थिंगचे तीन खड्डे होते: एक पॅनेलच्या सांगाड्याचा, एक इन्व्हर्टरच्या बाजूचा, एक आकाशातील वीज जमिनीत नेणाऱ्या वीजरोधकाचा. ठेकेदाराच्या कोटेशनमध्ये खड्ड्याचा रोध पाच ओहमच्या आत असा शब्द होता. दोन खड्डे ३.४ आणि २.८ भरले, तिसरा ४१. कारण शोधायला खोदावे लागले, तेव्हा कळले की तो खड्डा बांधकामाच्या राबिटात घेतलेला होता आणि सळई जेमतेम पाच फूट गेली होती. यावर तपासनिसांनी माळव्याच्या मातीबद्दल जे सांगितले ते मला फार उद्बोधक वाटले. आपली काळी माती ओली असताना अर्थिंगला उत्तम असते, पण उन्हाळ्यात ती आक्रसते, भेगाळते आणि सळईभोवती पोकळी सोडते. पावसाळ्यानंतर तीन ओहम दाखवणारा खड्डा मे महिन्यात कितीतरी पुढे गेलेला असू शकतो. सोयाबीनच्या शेतात ज्या भेगांत आमच्या लहानपणी पाय अडकत, त्याच भेगा घराच्या सुरक्षिततेच्या आड येतात ही कल्पना मी कधी केली नव्हती. मापन मे अखेरीस पुन्हा करावे आणि तोवर खड्ड्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी घालावे, असे त्यांनी अहवालात लिहून दिले आहे.

बॅटरीपाशी ते आले तेव्हा आई तेथेच खुर्ची टाकून बसली होती. त्यांनी विचारले, “मावशी, वरच्या मजल्यावर कोण झोपतं?” तिने सांगितले की मुलगा, सून आणि नातू. “आणि खाली यायला दुसरा जिना?” दुसरा जिना नाही. यावर ते काही बोलले नाहीत, फक्त चौरंग, जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे आणि गणपतीच्या मखराचा थर्माकोल यांच्या मधोमध भिंतीला टांगलेल्या त्या बॅटरीचा फोटो त्यांनी घेतला. लिथियम आयर्न फॉस्फेट हा लिथियम बॅटऱ्यांतील शांत स्वभावाचा प्रकार आहे हे खरे, तो सहजासहजी पेट घेत नाही. परंतु आतील घट कोणत्याही कारणाने अतोनात तापले तर त्यांतून ज्वलनशील वायू बाहेर पडतो, आणि हातातल्या पावडरच्या सिलिंडरने ज्वाळा विझली तरी आतले तापणे थांबत नाही. पूर्वीच्या ट्युब्युलर बॅटऱ्यांत भीती हायड्रोजनची असे, जो हवेत चार टक्क्यांवर गेला की स्फोटक ठरतो, म्हणून त्या हवेशीर जागी ठेवायच्या एवढे तरी लोकांना ठाऊक होते. लिथियमची बॅटरी दिसायला कपाटासारखी, तिला पाणी नको, वास नाही. त्यामुळे ती घरातील सर्वांत अडगळीच्या जागी जाते, आणि आपल्या घरांत अडगळीची जागा म्हणजे नेमका जिन्याखालचा कोनाडा. आम्ही ती आता मागच्या पडवीच्या उत्तरेकडील बाहेरच्या भिंतीवर हलवली आहे, जेथे ऊन येत नाही; इंदूरच्या मे महिन्यात पारा चाळीसच्या पुढे जातो आणि तापलेल्या बॅटरीचे नियंत्रक परिपथ स्वतःहून चार्जिंग कमी करतात, तेव्हा सावलीचा तोही एक फायदा. या स्थलांतराला नऊ हजार रुपये लागले आणि ते मीच भरले.

बॅटरीच्याच जोडणीत दुसरा दोष होता, आणि तो ठेकेदाराने बिनतक्रार मान्य केला. बॅटरी आणि इन्व्हर्टर यांच्या मध्ये त्याने घरातील एसी, म्हणजे दिशा बदलत राहणाऱ्या, प्रवाहासाठीचा ६३ अँपिअरचा एमसीबी बसवला होता. पूर्ण भारावर या तारेतून साठ-पासष्ट अँपिअर वाहतात, म्हणजे आकडा जेमतेमच होता. त्याहून वाईट हे की बॅटरीच्या टोकांवर शॉर्ट झाले तर काही हजार अँपिअर एका क्षणात वाहू शकतात, आणि शून्यावर येणाऱ्या प्रवाहासाठी बनवलेला हा एमसीबी तो सलग प्रवाह तोडू शकेलच असे नाही. त्याऐवजी डीसीचा, म्हणजे एकाच दिशेच्या सलग प्रवाहाचा, ब्रेकर लावा म्हटले की काम संपले असे मला वाटले होते, पण येथेही एक खोच निघाली. डीसीचे अनेक ब्रेकर दिशा पाहून जोडायचे असतात, त्यांवर अधिक-उणे चिन्हे असतात, आणि ठिणगी विझवणारे त्यांचे चुंबक एकाच दिशेच्या प्रवाहासाठी बसवलेले असते. बॅटरीच्या तारेतून प्रवाह दिवसा आत जातो आणि रात्री बाहेर येतो. अशा ठिकाणी दिशेचे बंधन नसलेला ब्रेकर लागतो, सोबत बॅटरीसाठी बनवलेला फ्यूज. दुकानदाराने पहिल्यांदा चिन्हांचाच दिला होता. तपासनिसांनी फोटो मागवला म्हणून तो परत गेला.

आता त्या टेस्टरकडे येतो. वीज गेलेली असतानाची चाचणी त्यांनी शेवटी ठेवली होती, आणि माझ्या मते साडेचार हजारांपैकी चार हजार याच पाऊण तासाचे होते.

प्रथम त्यांनी मेन स्विच पाडला आणि मीटरच्या बाजूला व्होल्टमीटर लावून पाहिला: शून्य. हे सर्वांत आधी पाहण्याचे कारण घराबाहेरचे आहे. कॉलनीचा पुरवठा बंद करून खांबावर चढलेल्या लाइनमनला आपली तार निर्जीव असल्याचा भरवसा असतो. त्या वेळी एखाद्या घरातून २३० व्होल्ट उलटे बाहेर गेले, तर कॉलनीचा ट्रान्सफॉर्मर उलट्या दिशेने काम करून वरच्या तारेवर ११ हजार व्होल्ट उभे करतो. म्हणून केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१३ च्या विनियमांत असे आहे की पुरवठ्याचे व्होल्टेज ऐंशी टक्क्यांखाली किंवा एकशे दहा टक्क्यांवर गेले की घरगुती संचाने दोन सेकंदांच्या आत स्वतःला तोडून घ्यावे, शिवाय हाताने बंद करता येणारा आणि कुलूप घालता येणारा विलगक ठेवावा. आमचा इन्व्हर्टर यात पूर्ण उतरला. लग्नसराईत जनरेटर आणून दोन्ही टोकांना प्लग असलेल्या वायरीने तो घरातील सॉकेटमध्ये खुपसणारे लोक मी याच शहरात पाहिले आहेत, आणि त्यांना हा परिच्छेद वाचून दाखवावा असे मला फार वाटते.

मग त्यांनी आरसीसीबीची चाचणी घेतली, ज्याला आपले वायरमन अजून ईएलसीबी म्हणतात. त्याचे काम थोडक्यात असे: फेजमधून गेलेला प्रवाह आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह तो सतत ताडून पाहतो, आणि ३० मिलीअँपिअरइतका प्रवाह वाटेत कोठे, म्हणजे समजा ओल्या हाताच्या माणसातून, जमिनीत गळाला तर तो पुरवठा तोडतो. मानकाप्रमाणे त्याला ३०० मिलिसेकंदांची मुभा आहे. बाहेरची वीज चालू असताना आमच्या आरसीसीबीने २४ मिलिसेकंदांत काम केले. त्यानंतर मेन पाडून, घर बॅटरीवर असताना, तीच चाचणी त्याच सॉकेटवर घेतली, तेव्हा उपकरणाने एवढेच दाखवले की आरसीसीबी पडला नाही. मी पुढे होऊन आरसीसीबीवरचे ‘टी’ अक्षराचे बटण दाबले, तर तो खटकन पडला, आणि मला हायसे वाटले. तपासनीस हसले. ते बटण आतल्या आत दोन तारांमध्ये एक रोधक जोडते. त्याला जमिनीशी काही देणे-घेणे नसते. दर महिन्याला बटण दाबून निर्धास्त होणाऱ्या माझ्यासारख्यांना याहून मोठा चकवा नाही.

मला पटावे म्हणून त्यांनी शंभर वॅटचा जुना बल्ब फेज आणि अर्थ यांच्या मध्ये जोडला (हे घरी कोणी करू नये). बाहेरच्या विजेवर बल्ब लागायच्या आत आरसीसीबी पडला. बॅटरीवर बल्बही लागला नाही आणि आरसीसीबीही जागचा हलला नाही. दोन्हींचे कारण एकच होते. गळालेल्या प्रवाहाला परतायला वाट लागते, आणि आपल्या घरांत ती वाट जमिनीतून ट्रान्सफॉर्मरपर्यंत जाते, जेथे न्यूट्रल जमिनीला बांधलेला असतो. वीज जाताच हायब्रिड इन्व्हर्टर सुरक्षिततेसाठी फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारा बाहेरून तोडतो, म्हणजे ट्रान्सफॉर्मरपाशी असलेली ती गाठही सुटते. घराचा न्यूट्रल मग कशालाच बांधलेला नसतो, अधांतरी तरंगतो. व्होल्टमीटरवर फेज ते अर्थ ११२ आणि न्यूट्रल ते अर्थ ११७ आले. उपकरणांतील फिल्टरांमुळे दोन्ही तारा जमिनीपासून अर्ध्या-अर्ध्या उंचीवर जाऊन बसल्या होत्या. टेस्टर दोन्ही भोकांत मंद का पेटत होता, याचे उत्तर मला एका महिन्यानंतर हे असे मिळाले.

यावर एक आक्षेप निघतो आणि ठेकेदाराने तो घेतलाही: न्यूट्रल तरंगत असेल तर प्रवाहाला वाटच नाही, मग शॉकही लागणार नाही, उलट चांगलेच आहे. पहिल्या दोषापुरते हे बरोबर आहे. पण घरातील गिझर किंवा पाण्याचा पंप यांत इन्सुलेशन फाटून एक तार अर्थला लागली, तर काहीच घडत नाही, काही पडत नाही, कोणाला कळतही नाही. फक्त तेवढ्या क्षणापासून दुसरी तार जमिनीच्या तुलनेत पूर्ण २३० व्होल्टवर जाते, आणि त्यानंतर तिला हात लावणारा माणूस हा दुसरा दोष ठरतो. रुग्णालयांच्या शस्त्रक्रियागृहांत मुद्दाम असा तरंगता पुरवठा देतात, पण तेथे पहिला दोष होताच घंटा वाजवणारे यंत्र बसवलेले असते. आमच्याकडे घंटा नव्हती, आणि ज्याच्यावर भिस्त होती तो आरसीसीबी आंधळा होता.

उपाय हास्यास्पद वाटावा इतका लहान निघाला. इन्व्हर्टरमध्ये एक रिले, म्हणजे आपोआप चालणारा स्विच, असतो, जो घर बॅटरीवर गेले की न्यूट्रल आणि अर्थ यांची गाठ घरातच बांधतो आणि बाहेरची वीज परतली की ती सोडतो. सोडणे महत्त्वाचे, कारण गाठ कायम राहिली तर न्यूट्रलचा प्रवाह अर्थच्या तारेतून वाहू लागतो. आमच्या इन्व्हर्टरच्या मेन्यूत तो पर्याय बंद होता, आणि बॅकअपच्या टर्मिनलवरील अर्थची तार जोडलेलीच नव्हती. ठेकेदाराच्या माणसाने वीस मिनिटांत दोन्ही केले. जाता जाता आरसीसीबीही बदलावा लागला, कारण इन्व्हर्टरच्या पुस्तिकेत ‘ए’ प्रकारचा सांगितला होता आणि बसवलेला ‘एसी’ प्रकारचा, जो डीसी मिसळलेल्या गळतीला नीट ओळखत नाही.

सेवेत उणिवा आहेतच. अहवाल अकरा पानांचा आणि पूर्ण इंग्रजीत होता. दुरुस्ती करणाऱ्या मुलांना तो वाचता येईना, तेव्हा मला त्यातील मुद्दे हिंदीत लिहून द्यावे लागले. आमचे घर १९८६ चे आहे आणि त्यातील जुन्या वायरिंगला हात लावायला त्यांनी नकार दिला, तो वेगळ्या कामाचा भाग आहे म्हणाले. वर वर्णन केलेला पहिला दोष होण्याची शक्यता त्याच वायरिंगमध्ये सर्वाधिक आहे हे पाहता मला हे पटले नाही. आकाशातील विजेपासून व उसळत्या व्होल्टेजपासून रक्षण करणाऱ्या एसपीडीची खिडकी हिरवी आहे एवढे पाहून त्यांनी शेरा दिला. बॅटरी खरोखर पाच युनिट देते की चारच, हेही मोजले नाही. दुसऱ्या भेटीचे बाराशे रुपये वेगळे लागतात आणि ते आधी सांगितले जात नाही. याउलट त्यांच्याकडे विकायला काही नाही, कोणत्या दुकानातून काय घ्या हेही ते सांगत नाहीत, आणि ठेकेदारासमोर त्यांनी दोष दाखवताना त्याचा एकदाही पाणउतारा केला नाही. कदाचित त्यामुळेच तो तीनदा परत आला. पाचपैकी मी चार देईन.

दुसरी भेट मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात झाली. मेन पाडल्यावर रिलेचा टक् असा आवाज ऐकू आला, न्यूट्रल ते अर्थ एक व्होल्टही भरेना, आणि बॅटरीवर आरसीसीबी २७ मिलिसेकंदांत पडला. नव्या टोकांवर कॅमेऱ्याने ४४ अंश दाखवले, अर्थिंगचा तिसरा खड्डा ४.१ वर आला. त्या रात्री लाइट गेली नाही, म्हणून मीच मेन पाडून आईच्या खोलीत टेस्टर घालून पाहिला. तो एकाच भोकात पेटला.

बॅटरी नसलेल्या साध्या संचासाठी, जो लाइट गेली की स्वतः बंद पडतो, ते अडीच हजार घेतात आणि शेवटची चाचणी अर्थातच करत नाहीत. बॅटरी असेल त्याने वेळ ठरवताना दोन तास फ्रिज बंद राहील हे गृहीत धरावे, इन्व्हर्टरची पुस्तिका आधी शोधून ठेवावी आणि तेरा फुटांची शिडी शेजाऱ्याकडून आणून ठेवावी. ती त्यांच्याकडे नसते.